विसाचे साठ

कवडू, तुझ्या तेरवीला मी जेवलो. भात दोनदा घेतला, वरण मागून घेतलं. तुझ्या म्हाताऱ्या मामानं "घे ना गा मास्तर, लाजू नोको" असा आग्रह केला आणि मी लाजलो नाही. गावात सगळे म्हणतात, मास्तर आणि कवडू म्हणजे एका ताटातले. साफ खोटं. तू नदीवरचा ढिवर, मी कुणबी; तुझ्या घरचा चहा मला चालायचा, तुझ्या चुलीवरचा भात चालत नव्हता. तू होतास तोवर वर्षानुवर्षं मी तुझ्या ओसरीवरून उठून जेवायला घरी गेलो, आणि तू त्यावर कधी एक शब्द काढला नाहीस. तू गेल्यावर मात्र तुझ्या अंगणात मांडी घालून बसलो. लोकांना वाटलं, मास्तरचं मन मोठं आहे.

ते मन केवढं आहे हे एक तुला माहीत आहे आणि एक मला. म्हणून हे तुला लिहितो आहे.

मला पोहायला तूच शिकवलंस. तिसरीत होतो आपण. तुझ्या बापाचा डोंगा घाटावर बांधलेला असायचा. तू माझ्या पाठीला वाळका तुंबा, आतून पोकळ भोपळा, बांधलास, खडकावर उभं केलंस आणि मागून लाथ घातलीस. मी नाकातोंडात पाणी घेऊन वर आलो, तर तू काठावर हसून हसून लोळत होतास. "कुणब्याचं पोट्टं तरंगलं गा!" त्या वर्षी तू शाळा सोडून डोंग्याचा बांबू हातात घेतलास. मी सातवी झालो आणि त्याच शाळेत मास्तर म्हणून बसलो. वैनगंगेत मला जे काही येतं ते तुझं दिलेलं आहे. आभार मानायची आपल्यात रीत नव्हती. आज मानतो, तर घ्यायला तू नाहीस.

माजरीच्या खाणीत कामाला जातो म्हणून निघालास आणि पोचलास मुंबईच्या बंदरात, हे तुझंच डोकं. दोन वर्षं जहाजावर खलाशी होतास. परत आलास तो काळा पडून, एक पितळी शिट्टी घेऊन. लोकांनी विचारलं, समुद्र केवढा असते गा? तू समुद्राचं काही सांगितलंच नाहीस. सांगितलंस ते बुचाच्या जाकिटाचं, बुडत्याला तरंगवणाऱ्या. जहाजावर केव्हाही शिट्टी वाजायची, जेवताना, झोपेत, आणि सगळ्यांनी जाकिटं अंगात चढवून रांगेत उभं राहायचं. साहेब हातात घड्याळ घेऊन बघायचा. एकाला उशीर झाला की सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून.

"जाकीट कोनाचं हाये ते इचाराचं नाई," तू सांगायचास. "हाताले लागलं ते घालाचं. इचारत बसला तो मेला."

मी म्हणालो होतो, "आपली नदी म्हंजे समुद्र नाई ना बापा."

"मानसाले मराले किती पानी लागते, मास्तर? नाकाएवढं."

बापामागं घाटाचा ठेका तुझ्याकडं आला. दोन डोंगे जोडून वर फळ्या ठोकलेली तुझी नाव आरमोरीच्या बाजाराला माणसं नेऊ लागली. आणि तू पट्टे केलेस. तुझ्या बायकोनं, सुभद्रेनं, छपरावर तुंब्याचे वेल चढवले, चुलीवर टांगून तुंबे वाळवले. तू त्यांची तोंडं राळेनं बुजवलीस आणि अंबाडीच्या दोरात दोन-दोन तुंबे ओवलेस. एक छातीवर, एक पाठीवर, दोर काखेखालून, गाठ समोर. असे अठरा पट्टे झाले. उन्हाच्या तलखीत ते अंगावर घेऊन कोणी बसेना, म्हणून तू त्यांचा ढीग नावेच्या मध्यावर ठेवलास आणि नियम केलास: शिट्टी वाजली की ज्याच्या हाती जो येईल तो त्यानं बांधायचा, तुझे वीस आकडे मोजून होईपर्यंत.

काय थट्टा झाली तुझी! गाव 'कवडूची पलटण' म्हणायचं. मीही म्हणायचो. तू मोजायचास तेही धड नाही, अठरावरून थेट विसावर. मी डिवचलं की म्हणायचास, "एकोनीस तुह्या शाळेत ठेव, मले लागत नाई." पहिल्या दिवशी शंभर झाले तरी दोघांच्या गाठी पायात होत्या आणि एका बाईनं पट्टा टोपलीला बांधला होता. तू चिडला नाहीस. नुसती नाव पुढं नेईनास. उथळात बांबू रोवून उभा राहायचास आणि म्हणायचास, "पुन्ना." महिन्याभरात गाव विसात आलं. पाटलाची आत्या, साठी उलटलेली, कानानं बहिरट, तिनं एकदा अठरात गाठ मारली आणि अख्ख्या बाजारात तेच सांगत फिरली. संध्याकाळी शाळेशी येऊन मला म्हणाली, "अठरात बांधलं म्या. लिव तुह्या फळ्यावर." मी खरंच लिहिलं. दुसऱ्या दिवशी पोरांनी टाळ्या वाजवल्या.

त्याच पावसाळ्यात माझी बायको तापानं फणफणली होती. कोणी सांगायच्या आत तिला आरमोरीच्या दवाखान्यात न्यायला तू नाव सोडलीस. नदीचं पाणी चढलं होतं, तू एकटाच बांबू मारत होतास. निघण्याआधी ढिगातला वरचा पट्टा उचलून तिच्या अंगावर तू स्वतः बांधलास. तो आधी कोणाच्या अंगावर होता हे मी विचारलं नाही, माझ्या डोक्यातही आलं नाही. ती वाचली. ती अजून तुझं नाव घेते तेव्हा हात जोडते, आणि मी दुसरीकडं बघतो.

मग आत्याला कळलं, की अठरात बांधलेला तिचा तो पट्टा आदल्या खेपेला सीतारामच्या बायकोनं बांधला होता. सीताराम महारवाड्यातला, आपल्या मागावरची लुगडी आरमोरीला विकायला नेणारा. आत्यानं अंगावरच्या कपड्यांनिशी अंघोळ केली, दिवसभर अन्न घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी पाटील आले. तुझ्याकडं नाही, माझ्याकडं आले. तुला समजावणं अवघड आणि मला सोपं, हे त्यांना माहीत होतं. बारा पट्टे गावाचे, सहा महारवाड्याचे, एवढंच करा म्हणाले. नाहीतर माणसं खालच्या घाटानं जातील.

मी शाळेतला चुना आणला, घरून दिव्याची काजळी आणली. तुझ्या अंगणात बसून बारांवर चुन्याची फुली काढली, सहांवर काजळीची. माझ्या हातानं. मला त्यात मोठी अक्कल दिसत होती. भांडण नाही, घाट बंद नाही, सीतारामलाही पट्टा मिळतोच आहे. तू सुंभ वळत बसला होतास. मान वर न करता म्हणालास, "पान्यात फुली पाहत बसाचं का, मास्तर?"

"पान्यात पडाची वेळ येते कुठी?"

"तं मंग पट्टे काऊन केले मी?"

मी तुला भीती घातली. घाट जाईल म्हणालो. सुभद्रा आहे, म्हातारा मामा आहे, त्यांना काय खाऊ घालशील म्हणालो. तू गप्प झालास. कवडू, तू गप्प का झालास? साऱ्या गावाला नदीत ताटकळत ठेवणारा माणूस तू, आणि माझ्यासारख्या चुना लावणाऱ्यापुढं मान खाली घातलीस? मला तुझा राग येतो. मेलेल्या माणसाचा राग धरू नये म्हणतात. मी धरतो. त्या दिवशी तू माझ्या थोबाडीत दिली असतीस तर आज घाटावर असतास.

आठ दिवसांनी तू शाळेच्या दारात येऊन उभा राहिलास. पोरं पाढे म्हणत होती. "विसाचे साठ झाले," म्हणालास. शिट्टी वाजली की लोक आता ढीग चिवडत होते, फुली शोधत होते, काळी हाताला आली की टाकून देत होते. "आंधी वीस लागत. आता साठ लागून राह्यले. हे मधले चाळीस कोनं खाल्ले, सांग मले."

मी पोरांकडं वळून विचारलं, साठातून वीस गेले, किती राहिले? पोरं ओरडली, चाळीस! मला वाटलं, मी झकास विनोद केला. तू हसला नाहीस. खांद्यावरचा पंचा झटकलास आणि घाटाकडं निघून गेलास.

वर्षभर आपला हाच वाद चालला. तू म्हणायचास पुसून टाक, मी म्हणायचो लोकांना जरा सवय होऊ दे. तुंबे तडकत होते. गावातली माणसं जास्त, त्यामुळं चुन्याचेच जास्त वापरले जायचे, तेच आधी फुटले. परवाच्या भादव्यात, त्या बाजाराच्या सकाळी, तू ढिगाजवळ उभा होतास. "चुन्याचे नऊच राह्यले. आज गावातले तुमी दहा. पुस ना गा त्या फुल्या." मी धोतर वर धरून नावेत चढत होतो. "बाजारातून आल्यावर पाहू," म्हणालो. सीताराम आणि त्याची बायको कडेला बसले होते. काळे सहा होते, त्यांना दोन पुरे. तुझ्यासाठी तू कधी पट्टा धरलाच नव्हतास. ढिवरानं तुंबा बांधला तर मासोळ्या हसतील, म्हणायचास.

मधधारेत वरून सागाचा ओंडका आला. जंगलात तोडून ठेवलेला, पुरानं सोडवून आणलेला. दोन डोंग्यांमधली बांधणी त्यानं तोडली आणि एका अंगानं पाणी चढू लागलं. नाव लगेच बुडाली नाही, हे मला लिहून ठेवायचं आहे. वेळ होता. तू शिट्टी मारलीस आणि मोठ्यानं मोजायला लागलास, कवायतीत मोजायचास त्याच आवाजात.

सीताराम आणि त्याची बायको दहाच्या आत बांधून मोकळे झाले. आम्ही नाही. गावातली शहाणीसुरती माणसं घोटाभर पाण्यात वाकून तुंबे उलटेपालटे करत होती. काळे हाती येत होते आणि बाजूला भिरकावले जात होते. माझ्या हातालाही पहिला काळाच आला. नीट ऐक, कवडू. तू बारा म्हणत होतास. माझी बोटं दोरात अडकलेली होती, बांधायला चार-पाच आकडे पुरले असते. मी तो खाली ठेवला. फेकला नाही, ठेवला. शेजारी चुन्याचा शेवटचा पट्टा होता, तो उचलला. त्याच पट्ट्याकडं आत्याचा हात येत होता. मी तिचा हात पाहिला. ती बहिरट होती, आंधळी नव्हती. तिनंही मला पाहिलं.

मग उरले ते चार काळे. तू मोजता मोजता त्यातला एक तिच्या अंगावर चढवायला गेलास. "नोको, तो नोको," म्हणत तिनं तो ढकलला. तू सत्तावीस म्हणालास. पुन्हा चढवलास, पुन्हा तिनं काढला. "बांध वो आते, पाया पडतो," म्हणालास, आणि मोजणं तेवढ्यापुरतं थांबलं. एकतीसला फळ्या सुटल्या.

पाण्यात तिनं कसलाच विटाळ मानला नाही. मानायचा तो नावेत मानून झाला होता. दोन्ही हातांनी तिनं तुझ्या गळ्याला मिठी घातली. दुसरा कोणी असता तर तिच्या पोटात गुडघा घालून सुटला असता. तू तिला धरून ठेवलंस. मी पंधरा हातांवर होतो. तुंब्यांवर तरंगत होतो, माझे दोन्ही हात मोकळे होते, आणि पोहणं मला येतं, ते तू शिकवलंस. तुझं डोकं दोनदा वर आलं. दुसऱ्यांदा तू माझ्याकडं पाहिलंस. मी पाय मारले ते काठाकडं.

बाकी अकराच्या अकरा वाचले. तुझ्या तुंब्यांनी वाचवले, सुभद्रेच्या छपरावरच्या. सीतारामनं तिघांना गाळातून बाहेर ओढलं, त्यात मी एक. त्याच्या हाताचा विटाळ मला आठवला नाही. तुम्ही दोघं दुसऱ्या दिवशी खालच्या डोहात सापडलात. तिचे हात तुझ्या गळ्यातून सोडवायला दोन माणसं लागली.

नायब तहसीलदार येणार असा निरोप आला तेव्हा पाटील पुन्हा माझ्याकडंच आले. शिवाशिव पाळणं आता गुन्हा आहे, कायदा झाला आहे, फुल्या दिसल्या तर सगळं गाव कोर्टात उभं राहील. "अन् सगळ्यायच्या आंधी तू, मास्तर. हात तुहा हाये." मी राख घेऊन घाटावर बसलो आणि सापडलेले पट्टे घासले. चुना लगेच गेला, काजळीला वेळ लागला. सुभद्रा वरच्या पायरीवर येऊन उभी राहिली. तिचं कपाळ पुसलेलं होतं. तिला वाटलं, मी तुझी वस्तू म्हणून मायेनं स्वच्छ करतो आहे. "राहू द्या ना भाऊ," म्हणाली, "आता कोन बांधते ते."

पंचनामा मी लिहिला, अक्षर चांगलं म्हणून. दोन प्रती, मधे कार्बन. नावाडी कवडू याने प्रवाशांस पट्टे वेळेवर वाटले नाहीत, सबब त्याच्या हलगर्जीपणामुळे दोन इसम मयत झाले. त्यातलं 'सबब' साहेबांना सुचत नव्हतं, मी सुचवलं. सीतारामला विचारलं तेव्हा तो उभा राहून सगळं बोलला, फुल्यांसकट. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं, मी पाटलांकडं. "भेलेला हाये साहेब तो, काईबी बोलते," पाटील म्हणाले. माझी लेखणी कागदावर टेकलीच नाही. सीतारामनं अंगठा द्यायला नकार दिला. त्याचा अंगठा त्या कागदावर नाही. माझी सही आहे, पूर्ण नावानिशी.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी सुभद्रा शाळेत आली. वारस म्हणून तिला कोतवालानं नक्कल आणून दिली होती. तिला घाट स्वतःच्या नावानं मागायचा होता. नाव ती तुझ्याइतकीच चालवते, गावात हे कोणाला माहीत नाही? "भाऊ, यात का लिवलं हाये त्यायच्याबद्दल? वाचून दाखवा मले." कागद हातात घेतला, माझंच अक्षर. आणि मी वाचलं: नावाडी कवडू याने स्वतःच्या जिवाची पर्वा न करता सर्व प्रवाशांस पट्टे दिले. कुठं अडखळलो नाही. वर्गात धडा वाचतो तसं वाचलं. जे लिहायचं होतं आणि लिहिलं नाही, ते सारं तिला वाचून दाखवलं. तिनं पदर डोळ्याला लावला. "चांगलं लिवलं जी," म्हणाली. तिचं तोंड पाहून मलाही बरं वाटलं, इतकं की खरं काय ते सांगवेना. तो कागद घेऊन ती काल पहाटे पायी तहसिलीला गेली आणि मी तिला जाऊ दिलं.

आज सकाळी कोतवालानं सांगितलं, तिथल्या कारकुनानं तिला तो चार माणसांत मोठ्यानं वाचून दाखवला. घाट आता दुसऱ्याला जाईल.

आज शाळा सुटल्यावर ती आली. मी शिव्यांची वाट पाहत होतो. तिनं कागद टेबलावर ठेवला आणि उंबऱ्यावर जाऊन बसली.

"तुमाले माही कीव आली म्हून तुमी तसं वाचलं. समजलं मले. त्याचा राग नाई," म्हणाली. "एकच सांगा. ते तं पट्टा दुसऱ्याले आंधी देत. आतेले काऊन नाई भेटला? शेवटचा कोनं घेतला? तुमी तं बाजूलेच होते."

"मले दिसलं नाई, वयनी."

ती उठली, लुगडं झटकलं. "मामाले भात टाकून देतो अन् सीतारामकडं जातो. त्याले दिसलं असंल."

त्याला दिसलं आहे, कवडू. माझ्या हातातला पट्टा खाली ठेवताना मी मान वर केली तेव्हा तो माझ्याकडंच पाहत होता.

ती गेल्यापासून हे लिहितो आहे. खिडकीतून तुझं छप्पर दिसतं. मघापर्यंत चुलीचा धूर होता, आता थांबला आहे. ती निघाली असेल. महारवाडा नाल्यापलीकडं आहे आणि ती दमलेली आहे, हळू चालत असेल. पळत गेलो तर नाल्यापाशी गाठीन. तिला माझ्या तोंडून ऐकता येईल. मी दाराला आतून कडी लावली आहे आणि तुला लिहितो आहे.